मशीनची ओटी

"शमे, हलू नकोस. आहेस तिथेच थांब."

आई ओरडली नव्हती. ओरडली असती तर मी इतकी घाबरले नसते. ती हळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. पुढे टाकायला उचललेला पाय मी तसाच मागे घेतला. समोर बघितलं, तर समोर काहीच नव्हतं. म्हणजे मशीन होतं, मशीनच्या पाइपला बांधलेला केळीचा खुंट होता, आणि मागच्या अरुंद बोळात हातात हिरवी साडी घेऊन आई उभी होती. पण तिच्या-माझ्या मधे नुसती दुपारची रिकामी हवा होती. आई त्या हवेकडे अशी बघत होती, जणू वाटेत नाग फणा काढून बसलाय.

"काय झालं?" मी विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलवले.

"केळीचं पान बघ."

पानाचं टोक तपकिरी होत होतं. बघता बघता ते काळं पडलं, त्याची सुरळी झाली, बारीकसा धूर निघाला. जाळ मात्र कुठेच नव्हता.

"तिथे आग आहे," आई म्हणाली. "हायड्रोजनची. ती उन्हात दिसत नाही."

हे वाचून कुणाला वाटेल, मी लगेच काहीतरी केलं असेल. छे! आज मी दहावीत आहे, शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन करते, आणि माईक बंद पडला तर शेवटच्या रांगेतली मुलं म्हणतात, "बरं झालं, आता कान तरी वाचतील!" पण तेव्हा मी सातवीत होते आणि एक नंबरची भित्री होते. कुकरच्या शिट्टीला मी कानावर हात ठेवायची. वर्गात हजेरीला इतकं हळू "हजर" म्हणायची की बाई मला सरळ गैरहजर मांडायच्या आणि मी तेही मुकाट्याने मान्य करायची.

आणि आई नेमकी उलट. ती फ्युएल सेल बनवते. तेव्हाही बनवत होती. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तिचं छोटंसं वर्कशॉप आहे. तिचं मशीन म्हणजे दिसायला एक पांढरं लोखंडी कपाट. एका बाजूने हायड्रोजन आत जातो, दुसऱ्या बाजूने हवा. मधल्या पातळ पडद्यांपाशी दोघांची गाठ पडते आणि वीज तयार होते. धूर नाही, धडधड नाही, खालच्या नळीतून थेंब थेंब पाणी तेवढं गळतं. मी पहिलीत असल्यापासून आई त्या पडद्यांच्या मागे होती. कधी ते फाटायचे, कधी सुकायचे, कधी उगाचच रुसायचे. शेवटी एकदाचं मशीन नीट चाललं आणि त्याला खरंखुरं गिऱ्हाईकसुद्धा मिळालं. तासगाव रोडवरच्या सुमतीकाकू मगदूम.

काकूंचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. वीज गेली की त्यांचा डिझेलचा जनरेटर सुरू व्हायचा आणि सगळ्या आवारात काळा धूर पसरायचा. एकदा एक व्यापारी बेदाणा हुंगून म्हणाला, "काकू, याला एसटी स्टँडचा वास येतोय." काकूंना ते फार लागलं. त्या आईला म्हणाल्या, "म्याडम, तुमचं ते बिनधुराचं कपाट आणा आमच्यात. चाललं तर ठेवून घेतो, न्हाई चाललं तर आमच्या नशिबात एसटी."

कपाट आलं. कोल्ड स्टोरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत ते बसवलं. डाव्या हाताला जाळीचा पिंजरा, त्यात हायड्रोजनचे सिलिंडर. पिंजऱ्यापासून कपाटापर्यंत कमरेच्या उंचीवरून गेलेला बोटभर जाडीचा पाइप. कपाटाच्या मागे एक बोळ, त्याच्या शेवटी पत्र्याचं उंच कुंपण आणि कुंपणाच्या माथ्यावर काटेरी तार. आणि सगळ्याभोवती जमिनीवर पिवळा पट्टा. पट्ट्याच्या आत काडी नाही, बिडी नाही, मोबाइलही नाही, हा आईचा नियम होता.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं, यंत्रं सगळी पुजतात. काकूंच्या आवारात सकाळपासून धुणं-पुसणं चाललं होतं. वजनकाटा, चाळण्या, हातगाड्या, बेदाणा निवडणाऱ्या बायकांचे खराटेसुद्धा हळदकुंकू लावून ओळीने मांडले होते. आई मला बरोबर घेऊन गेली होती, शाळेला सुट्टी होती ना. आम्ही पोचलो तर काकू ताट घेऊन तयारच. ताटात नारळ, तांदूळ, खण आणि एक झुळझुळीत हिरवी साडी.

"हे कुणासाठी?" आईने विचारलं.

"तुमच्या लेकीसाठी."

आई माझ्याकडे बघायला लागली.

"ही न्हवं वो! ती!" काकूंनी कपाटाकडे बोट केलं. "आमच्यात नांदाय आलीया. पैल्या सणाला लेकीची वटी भरत न्हाईत व्हय? आन हे बघा, दिवा न्हाई, उदबत्ती न्हाई, कापूर न्हाई. तुमचा नेम पाळलाय आम्ही. नुसती वटी."

आईला हसू आलं. तिच्या सात वर्षांच्या कष्टाला कुणीतरी लेक म्हणत होतं. ती नाही म्हणाली नाही. उलट, "मग साडी मीच नेसवते, आई आहे ना तिची!" म्हणून तिने स्वतः कपाटाला साडी गुंडाळली आणि पदर मागच्या बाजूच्या कडीत अडकवला. बायकांनी दोन्ही अंगांना केळीचे खुंट उभे केले. एक बांधला कपाटाच्या हँडलला, दुसऱ्याला जागा सापडेना, म्हणून पाइपाला. चांगला माणसाएवढा खुंट होता, घडासकट.

"आता साडी नेसूनच सुरू होऊ द्या तिला," काकू म्हणाल्या. "डोळं भरून बघतो आन मग उतरवा."

तौफिकदादाने, म्हणजे आईबरोबर काम करणाऱ्या तंत्रज्ञाने, पिंजऱ्यातला हायड्रोजनचा व्हॉल्व्ह उघडला. मशीन सुरू झालं, टाळ्या पडल्या. बायका पुढच्या अंगणात प्रसादाला गेल्या, तौफिकदादा पिकअपच्या नंबरप्लेटला हार घालायला गेला. मागे आम्ही दोघीच उरलो.

"चल, हिची साडी काढू," आई म्हणाली. "हिला श्वास घेता आला पाहिजे."

ती बोळात शिरली, मागची कडी सोडवली आणि साडी खसकन ओढली. चट् असा आवाज झाला. आईच्या कपाळावरच्या बटा साडीकडे ओढल्या गेल्या. मला गंमत वाटली. हिवाळ्यात स्वेटर काढताना होतं तसं! मी साडीचं दुसरं टोक धरायला पुढे निघाले, आणि तेवढ्यात आई म्हणाली, "शमे, हलू नकोस."

पुढचं सगळं मला आईने नंतर समजावलं. केळीच्या वजनाने पाइपाचा सांधा किंचित वाकला होता आणि गॅस झिरपत होता. नायलॉनच्या साडीची ती एवढीशी ठिणगी त्याला पुरली. गॅस बाहेर पडताच जळून जात होता, त्यामुळे गळतीचा भोंगाही वाजला नाही. तेव्हा मात्र मला एवढंच कळत होतं की आई बोळात आहे, बोळाच्या तोंडाशी आग आहे आणि बाहेर यायला दुसरी वाट नाही.

"तुझ्या उजवीकडे लाल बटण आहे. दाब."

मी दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. कपाटातला पंखा थांबला. आईने साडीत अडकलेलं झेंडूचं एक फूल समोर टाकलं. ते हवेतच काळं झालं आणि जमिनीवर पडून धुमसत राहिलं.

"सांधा बटणाने बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, सिलिंडरच्या बाजूला आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "शमे, आता पळ. तौफिकला सांग, पिंजऱ्यातलं चाक हाताने बंद करायचंय. आणि तू परत येऊ नकोस. कळलं?"

"आग सिलिंडरकडे आहे का गं?"

आईने हाताने पळायची खूण केली. 

मी पळाले. अंगणात हसणं-खिदळणं चाललं होतं, कुणीतरी माझ्या हातावर केळ्याची शिकरण ठेवायला निघालं होतं. मी तौफिकदादासमोर जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.  मी त्याचा शर्ट धरून ओढायला लागले.

"अगं, नवा शर्ट आहे, शमू! काय झालं?"

"आग," मी म्हणाले. "दिसत नाही. आई आत."

त्याच्या हातातला हार खाली पडला.

"खराटा!" तो ओरडला. "लांब दांड्याचा खराटा द्या कुणीतरी! आणि गोणपाट, ओलं करून!"

"त्यो पूजेतला हाय," एक बाई म्हणाली. "आज हलवत न्हाईत."

"आगं, माणूस जळाय लागलंय आन तू पूजा सांगतीस?" काकूंनी ओळीतला सगळ्यात लांब खराटा हळदकुंकवासकट उचलला. "घे रं! आजून किती पायजेत?"

खराटा कशाला, ते मला मागे पोचल्यावर कळलं. (हो, मी परत आले. आईने नको म्हटलं होतं, पण तिला तिथे एकटीला ठेवून अंगणात उभं राहायची मला जास्त भीती वाटत होती.) आग दिसत नाही, तर माणसाने खराटा पुढे धरून चालायचं. जिथे खराटा पेटेल तिथे आग. आंधळ्याची काठी, फक्त शेवटी जळणारी.

तौफिकदादा एकेक पाऊल टाकत पिंजऱ्याकडे निघाला. खराटा डावीकडे, उजवीकडे, खाली. काही नाही. अजून एक पाऊल. काही नाही.

"मॅडम, कुठून कुठवर आहे अंदाजे?"

"मला इथून ऊन डोळ्यावर येतंय, तौफिक. काहीच कळत नाही. वाकून येता येईल असं वाटतंय, पण ती खाली वळली असेल तर..."

आईने साडीचा बोळा करून मागे फेकून दिला होता. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. माझी आई, जी पालीला शेपटीला धरून बाहेर टाकते, तिची हनुवटी थरथरत होती. मला ते बघवेना, म्हणून मी नजर फिरवली. नजर गेली कोल्ड स्टोरेजच्या पांढऱ्या भिंतीवर.

भिंतीवर काहीतरी हलत होतं.

केळीच्या खुंटाची सावली होती, ती स्थिर. पाइपाची सावली, तीही स्थिर. पण पाइपाच्या सावलीतून एक पुसट, पाण्यासारखी सावली निघाली होती आणि ती सारखी थरथरत होती. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा नाचते ना, तशी. आग दिसत नव्हती, पण आगीची सावली दिसत होती. ती सिलिंडरकडे नव्हती. ती बोळाच्या तोंडावर आडवी, खाली झुकलेली होती. आई वाकून आली असती तर बरोब्बर तिच्या तोंडावर.

"वाकू नको," मी म्हणाले.

कुणाला ऐकूच गेलं नाही. कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर घरघरत होते. आईने एक गुडघा टेकला होता.

"वाकू नको!"

तो आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. पुढच्या अंगणातली कुत्री भुंकायला लागली. आई, तौफिकदादा, काकू, सगळे माझ्याकडे बघत होते.

"भिंतीवर सावली आहे! आग खाली वळलीय, बोळाकडे! सिलिंडरकडे नाही! तौफिकदादा, तू पुढे जा, पण डावीकडून. अजून डावीकडून!"

तौफिकदादाने भिंतीकडे बघितलं, पण त्याच्या जागेवरून त्याला ती दिसत नसावी. तो क्षणभर घुटमळला. मग त्याने मला विचारलं, "इथून?"

"हो. आता खराटा उजवीकडे कर, बघ."

त्याने केला. भप्! खराट्याचं टोक हवेतच पेटलं, नारिंगी जाळ झाला. काकूंनी तोंडावर पदर घेतला. पण आता आग कुठे आहे ते सगळ्यांना दिसलं. तौफिकदादाने पेटलेला खराटा तसाच आडवा धरला, दुसऱ्या हातातल्या ओल्या गोणपाटाने पिंजऱ्यातलं चाक पकडलं आणि गरागरा फिरवलं. गोणपाटातून पाणी निथळत होतं.

"बंद झालं, मॅडम! बंद!"

तो मागे आला, खराटा जमिनीवर आपटून विझवला.

"शमे," आईने हाक मारली. "सावली गेली का?"

मी भिंतीकडे बघितलं. भिंत कोरी होती. थरथरणारी सावली नव्हती. माझ्या डोळ्यात पाणीच आलं, इतकं हायसं वाटलं. "हो" म्हणायला तोंडही उघडलं. आईने ते बघितलं असणार, कारण तिने पाऊल उचललं.

आणि मला दिसलं, भिंतीवर केळीचीही सावली नाही. पाइपाची नाही. मी खाली बघितलं. तौफिकदादाच्या पायाशी त्याची सावली नव्हती. माझ्या पायाशी माझी नव्हती.

ढग आला होता.

"थांब! येऊ नकोस! आई, येऊ नकोस!!"

आई एका पायावर थांबली. खरोखर एका पायावर, हात भिंतीला टेकून, लंगडी खेळताना थांबतात तशी.

"अगं, चाक बंद केलंय मी," तौफिकदादा म्हणाला. "पूर्ण बंद केलंय."

"खराटा लाव ना! लावून बघ ना तू!"

त्याने वाद घातला नाही. अर्धा जळलेला खराटा त्याने पुढे केला, अगदी बोळाच्या तोंडाशी, जिथे आईचं पाऊल पडणार होतं तिथे. खराटा भुर्रकन पेटला.

 पाइपात उरलेला गॅस अजून जळत होता.

मग ढग सरकला. ऊन आलं, भिंतीवर केळी आली, पाइप आला आणि ती थरथरणारी सावलीही आली. आधीपेक्षा बारीक. मी तिच्यावरून नजर हलवली नाही. पापणीही लववली नाही. ती बोटभर झाली, मग उदबत्तीच्या धुराएवढी, मग गेली. मी तौफिकदादाची सावली बघितली. होती. माझी बघितली. होती.

"आता ये," मी म्हणाले.

तौफिकदादाने तरी खराटा एकदा फिरवला. मग आई बाहेर आली. रिकाम्या हवेतून, डोळे मिटून. आली ती सरळ माझ्यापाशी आणि मातीतच बसली. मला वाटलं, ती मला जवळ घेईल, पण मीच तिला धरलं.

"मी पाय उचलला होता, शमे," ती म्हणाली. "तुझं तोंड बघून उचलला होता."

"माहितीये."

"तुला कसं कळलं?"

"तौफिकदादाची सावली पण नव्हती."

 काकूंनी तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला, स्वतःच्या पदराने तिचं कपाळ पुसलं आणि एकदम रडायला लागल्या. "माझ्या वटीपायी झालं वो म्याडम. माझ्या साडीपायी."

"साडी मी नेसवली, काकू," आई म्हणाली. "आणि केळ पाइपाला बांधताना मी समोर उभी होते. मी फक्त दिव्याला घाबरत होते."

माझ्या मनात आलं की आता हे सगळं संपलं. काकू मशीन परत पाठवतील आणि आई पुन्हा वर्कशॉपमधे पडद्यांपाशी जाऊन बसेल. मला तर वाटत होतं, पाठवावंच. त्या रात्री मी आईच्या अंगावर पाय टाकून झोपले, ती उठून कुठे जाऊ नये म्हणून.

पण काकूंनी पाठवलं नाही. "पोरीला पैल्याच सणाला ठेच लागली म्हणून तिला म्हायेरी धाडायची व्हय?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात आईने आणि तौफिकदादाने पाइप बदलला, सांधे दोनदोनदा तपासले, पिवळा पट्टा आणखी लांब सरकवला. न दिसणारी ज्योत ओळखणारं उपकरण मागवलं होतं, ते आणखी दोन दिवसांनी यायचं होतं. काकू म्हणाल्या, थांबू या. आई म्हणाली, तोपर्यंत नुसता गॅस सोडून सांधे बघून घेऊ, मशीन सुरू करायला नको. आणि भिंतीवरची सावली बघायला तिने तौफिकदादाला पाठवून मला शाळेतून बोलावलं. मी आले ती गणवेशातच.

सगळ्या बायका पट्ट्याबाहेर उभ्या होत्या. दुसरा नवा खराटा घेऊन तौफिकदादा पाइपाशी. आई पिंजऱ्यापाशी, चाकावर हात ठेवून. मी पट्ट्याबाहेर, भिंत नीट दिसेल अशी उभी राहिले. 

"शमे," आईने तिथून विचारलं. "उघडू का?"

तिने तौफिकदादाला नाही विचारलं. काकूंनाही नाही. मी भिंतीकडे बघितलं. पाइपाची सावली फिकट होती, आणखी फिकट होत चालली होती.

"थांब!" मी म्हणाले, चांगलं मोठ्याने.

"का गं?" काकू दचकल्या.

"ढग येतोय."

मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. कुणी हसलं नाही. आईने चाकावरचा हात काढून घेतला, मागे दोन पावलं सरकली आणि आभाळाकडे बघत उभी राहिली. मग तौफिकदादाने खराटा खांद्याला लावला आणि वर बघितलं. काकूंनी पदर मागे सारून मान वर केली, त्यांच्या मागे सगळ्या बायकांनी. ढग चांगला मोठा होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती.